आरसा आणि साचा : जाहिराती, प्रसारमाध्यमे व आपला समाज

‘जाहिरात ही पासष्टावी कला आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी शाळेच्या निबंधात एकदा तरी लिहिलेले आहे. परीक्षक त्याला गुण देतात आणि विषय तेथेच संपतो. ही कला कोणाच्या कामी येते, तिचा खर्च कोण सोसतो आणि तिच्या चित्रात कोणाला जागा मिळते, हे प्रश्न मात्र निबंधाच्या बाहेरच राहतात. प्रस्तुत लेखात याच प्रश्नांचा विचार करावयाचा आहे.

हा विषय आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात आला तो एका साध्या कारणाने. संस्थेच्या वधू-वर परिचय मेळाव्याचे नोंदणी अर्ज तपासताना एका रकान्यावरून वाद झाला. त्या वादाकडे आपण लेखाच्या शेवटी येऊ. प्रथम तो समजण्यासाठी लागणारी पार्श्वभूमी पाहू.

प्रसारमाध्यमांविषयी दोन मते नेहमी ऐकू येतात. काहींच्या मते वर्तमानपत्र, चित्रपट, दूरदर्शन व जाहिरात हा समाजाचा आरसा आहे. समाज जसा असेल तसाच तो त्यात दिसणार. इतरांच्या मते हा आरसा नसून साचा आहे. तो माणसाला हवा तसा आकार देतो. आमच्या मते ही दोन्ही मते एकाच वस्तूच्या दोन बाजू आहेत. वीटभट्टीवर माती येते ती जवळच्याच शेतातली. साचा माती निर्माण करीत नाही. पण एकदा त्या साच्यातून निघाली की प्रत्येक वीट एकाच मापाची होते आणि भट्टीत भाजल्यावर ती सहजासहजी मोडत नाही. समाजातील समजुती ही माती होय. माध्यमे तिला माप देतात आणि पक्की करतात.

पैसा कोणाचा?

सकाळी दारात पडणारे वर्तमानपत्र आपण काही रुपयांना घेतो. कागद, शाई, छपाई, वाहतूक, विक्रेत्याचे कमिशन आणि बातमीदारांचे पगार हा सारा खर्च त्या काही रुपयांतून निघत नाही. उरलेला खर्च आणि मालकाचा नफा जाहिरातींतून निघतो. याचा अर्थ असा की वर्तमानपत्राचा मालक दोन ठिकाणी विक्री करतो. आपल्याला तो बातम्या विकतो आणि जाहिरातदाराला आपली नजर विकतो. दुसरे गिऱ्हाईक मोठे असल्याने त्याच्या आवडीनिवडीला अधिक वजन प्राप्त होते.

सरकारी माध्यमेही या नियमातून सुटली नाहीत. आकाशवाणीच्या विविध भारतीवर १९६७ मध्ये जाहिराती सुरू झाल्या, त्या प्रथम आपल्याच मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून. दूरदर्शनवर त्या १९७६ मध्ये आल्या. १९८४ मध्ये ‘हम लोग’ ही मालिका सुरू झाली. कुटुंबनियोजन, स्त्रियांची स्थिती यांविषयी घरोघरी विचार पोहोचावा असा तिच्यामागे हेतू होता, आणि तिचे प्रायोजकत्व होते दोन मिनिटांत शिजणाऱ्या शेवयांच्या नव्या उत्पादनाकडे. भाग संपला की अशोककुमार प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. बोध आणि माल एकाच दाराने घरात शिरले. पुढे १९९१-९२ पासून केबलच्या तारा गल्लोगल्ली गेल्या, खाजगी वाहिन्या आल्या आणि ‘चंगळवाद’ हा शब्द मराठी लेखांतून वारंवार दिसू लागला.

वाहिनीवरील जाहिरातीचा भाव तिच्या प्रेक्षकसंख्येवर ठरतो. ही संख्या मोजण्यासाठी काही निवडक घरांत यंत्रे बसवतात. २०२० च्या सुमारास संपूर्ण देशात अशी सुमारे ४४ हजार घरे होती आणि त्यांवरून कोट्यवधी प्रेक्षकांचा हिशोब मांडला जात होता. जाहिरातदार एवढ्यावर थांबत नाही. पाहणारा कोण आहे, त्याची खरेदी करण्याची ऐपत किती, हेही त्याला हवे असते. त्यासाठी कुटुंबांची प्रतवारी करतात. ती दोन गोष्टींवरून ठरते : मुख्य मिळवत्या व्यक्तीचे शिक्षण, आणि घरात फ्रीज, धुलाईयंत्र, मोटार अशा टिकाऊ वस्तू किती आहेत.

येथे विद्यार्थ्यांनी क्षणभर थांबावे. ज्या घरात शिक्षण आत्ताच पोहोचले आहे आणि वस्तू मोजक्याच आहेत, त्या घराच्या नजरेला बाजारात भाव कमी. म्हणून ऊसतोड कामगार, सफाई कामगार, शेतमजूर, घरकाम करणारी बाई यांचे जीवन पडद्यावर क्वचितच मुख्य विषय होते. बहुतेक वेळा यामागे कोणाचा कट नसतो. तो एक हिशोब असतो. परंतु हिशोबाने झालेला अन्यायही अन्यायच असतो.

आपणही या व्यवहाराबाहेर नाही. ही स्मरणिका हातात पडते तीसुद्धा ‘शुभेच्छुक’ म्हणून दिलेल्या जाहिरातींमुळे. त्या गोळा करण्यासाठी आपले कार्यकर्ते दुकानादुकानांतून फिरतात. त्यांच्या श्रमांचे मोल मोठे आहे. तरीही कोणाची जाहिरात घ्यायची नाही हे आपण ठरवतोच ना? पैसा दुसऱ्याचा असला तरी निवड आपली असू शकते, एवढे यावरून लक्षात ठेवू.

चौकटीत कोण, चौकटीबाहेर कोण?

जाहिरात पैसे देऊन कोणालाही करता येते, असा समज आहे. आपल्या इतिहासातील एक प्रसंग तो खोटा ठरवतो. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत ‘मूकनायक’ हे पाक्षिक सुरू केले. त्यासाठी राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. पत्राची जाहिरात पैसे घेऊन छापावी म्हणून ती पुण्याच्या ‘केसरी’कडे पाठविण्यात आली. ‘केसरी’ने ती छापण्यास नकार दिला. बातमी नाही, अग्रलेख नाही, रोख पैसे देऊन दिलेली जाहिरातसुद्धा नाही. म्हणजे जाहिरातीच्या जागेलाही एक उंबरठा होता आणि तो केवळ पैशाने ओलांडता येत नव्हता.

बाबासाहेबांनी या अनुभवाचा पुढे व्यापक विचार केला. १८ जानेवारी १९४३ रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जन्मदिनी केलेल्या व्याख्यानात त्यांनी वृत्तपत्रव्यवसायावर कठोर टीका केली. पत्रकारिता हे एके काळी व्रत होते. आता तो धंदा झाला असून साबण तयार करण्यापेक्षा अधिक नैतिक जबाबदारी तो मानीत नाही, अशा आशयाचे त्यांचे प्रतिपादन होते. साबणाची ही उपमा आजही किती चपखल आहे ते दूरचित्रवाणीसमोर अर्धा तास बसणाऱ्याला सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर उंबरठा किती खाली आला? २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार व योगेंद्र यादव यांनी दिल्लीतील ३७ राष्ट्रीय माध्यमसंस्थांची पाहणी केली. निर्णय घेणाऱ्या ३१५ व्यक्तींमध्ये अनुसूचित जाती-जमातींची एकही व्यक्ती आढळली नाही. २०१९ मध्ये ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलॉण्ड्री यांनी वृत्तकक्षांतील १२१ नेतृत्वपदे तपासली. त्यांपैकी १०६ पदांवर उच्चवर्णीय होते आणि अनुसूचित जाती-जमातींपैकी पुन्हा कोणीही नव्हते. तेरा वर्षांनंतरही शून्य ते शून्यच राहिले.

चौकट ज्याच्या हाती, त्याला जे दिसते तेच चौकटीत येते. २००६ हेच वर्ष घ्या. मुंबईत फॅशन सप्ताह भरला होता आणि मंचावर सुती वस्त्रे दाखविली जात होती. त्याचे वृत्तांकन करण्यासाठी पाचशेहून अधिक पत्रकार नोंदले गेले होते. त्याच काळात तो कापूस पिकवणारे विदर्भातील शेतकरी आत्महत्या करीत होते आणि तेथे ठाण मांडून असलेले राष्ट्रीय पत्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, हे पी. साईनाथ यांनी पुढे अनेक व्याख्यानांतून सांगितले. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांनी तिची खरी दखल घेतली ती कित्येक दिवसांनी, लोक रस्त्यावर उतरल्यानंतर. जी गोष्ट छापली जात नाही ती घडलीच नाही, असे दूरच्या वाचकास वाटते. माध्यमांचे खरे सामर्थ्य काही वेळा त्यांच्या मौनातच असते.

गोऱ्या रंगाची गोष्ट

आता आरसा आणि साचा एकत्र कसे काम करतात, हे एका उदाहरणाने पाहू. उदाहरण आपल्या प्रत्येकाच्या घरातले आहे.

गोऱ्या रंगाची ओढ जाहिरातींनी निर्माण केली असे म्हणणे चूक होईल. ती आधीपासूनच आपल्या बोलण्यात आहे. बाळ जन्मले की मुलगा की मुलगी यानंतरचा प्रश्न ‘रंग कुणावर गेलाय?’ हा असतो. रंग उजळावा म्हणून गर्भवतीला केशर घातलेले दूध, मुलीला हळद, डाळीचे पीठ आणि दुधाची साय. ‘काळीसावळी आहे, पण नाकीडोळी नीटस’ असे आपण कौतुकाने म्हणतो. त्या वाक्यातील सारा अन्याय ‘पण’ या एका शब्दात भरलेला आहे. यात जातीचाही धागा गुंफलेला आहे. शिक्षणासाठी शहरात गेलेल्या आपल्या कित्येक मुलामुलींना वसतिगृहात ‘तू त्यांच्यातला वाटत नाहीस’ हे वाक्य ऐकावे लागले आहे. बोलणारा त्याला स्तुती समजतो, ऐकणाऱ्याला मात्र आपल्या आईवडिलांचा अपमान झाला हे समजते.

ही झाली माती. आता साचा पाहू. १९७५ मध्ये हिंदुस्थान लिव्हर या कंपनीने ‘फेअर अँड लव्हली’ हे मलम बाजारात आणले. त्याच्या जाहिरातींचे सूत्र वर्षानुवर्षे एकच होते. सावळी मुलगी उदास, मलम लावले, ओळीने मांडलेल्या चेहऱ्यांचा रंग एकेक पायरी उजळत गेला, आणि मग यश. सुरुवातीला ते यश म्हणजे चांगले स्थळ असे. पुढे मुली शिकू लागल्या, नोकरीला निघाल्या, तसे जाहिरातीतील यशही बदलले. एका जाहिरातीत मुलगी हवाईसुंदरी झाली, दुसरीत क्रिकेटची समालोचक. समाज बदलला तसा आरसा बदलला. साचा मात्र तोच राहिला. मुलीची बुद्धी, तिचे शिक्षण, तिची मेहनत हे सारे होते, पण त्याचे दार उघडणारी किल्ली म्हणून दाखविला गेला तो गोरा रंगच.

हवाईसुंदरीच्या त्या जाहिरातीत वडील आपल्याला मुलगा असता तर, असे दुःख व्यक्त करतात. मुलगी गोरी होते, नोकरी मिळवते आणि मग वडिलांचे दुःख संपते. मुलगी नको आणि सावळी तर नकोच, असे दोन पूर्वग्रह अर्ध्या मिनिटात एकत्र बांधले गेले. अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने याविरुद्ध तक्रारी केल्या, सुमारे वर्षभर मोहीम चालविली, आणि २००३ मध्ये ती जाहिरात थांबली. तरी बाजार थांबला नाही. २००५ मध्ये पुरुषांसाठी ‘फेअर अँड हँडसम’ आले आणि मुलांनाही तोच न्यूनगंड विकण्यास प्रारंभ झाला.

२०१४ मध्ये भारतीय जाहिरात मानक परिषदेने नियम केला की सावळ्या व्यक्तीला दुःखी, अनाकर्षक वा अपयशी दाखवू नये. ही परिषद १९८५ मध्ये जाहिरात व्यवसायानेच स्थापन केलेली आहे. पुढे २०२० मध्ये अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय नागरिकाचा पोलिसी अत्याचारात मृत्यू झाला, जगभर वर्णभेदाविरुद्ध आंदोलने उसळली, आणि त्या लाटेत कंपनीने नावातील ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ हा शब्द घातला. नाव बदलण्यास ४५ वर्षे लागली. ‘गोरेपणा’च्या जागी ‘तेज’ आले. नळी मात्र त्याच दुकानात, त्याच फळीवर आहे.

कंपन्यांचे समर्थन काय असते? ‘आम्ही मागणी निर्माण करीत नाही, लोकांना जे हवे तेच देतो.’ हे वाक्य विद्यार्थ्यांनी नीट लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

‘जातीची अट नाही’

वर्तमानपत्रातील सर्वांत प्रामाणिक पान कोणते, असा प्रश्न आम्ही अभ्यासवर्गात विचारला. अनेक उत्तरे आली. आमचे उत्तर होते, विवाहविषयक जाहिरातींचे पान. अग्रलेखात समता असते, शेवटच्या पानावर थोरांचे सुविचार असतात. या पानावर मात्र प्रत्येक शब्दाचे पैसे मोजावे लागत असल्याने माणूस मनातले तेवढेच लिहितो. गोरी, सुंदर, उच्चशिक्षित, गृहकृत्यदक्ष. आणि मग ते प्रसिद्ध वाक्य : ‘जातीची अट नाही.’ त्याच्याच पुढे अनेकदा असते : ‘एस.सी., एस.टी. क्षमस्व.’ अट नाही म्हणताना अट घालणारे हे दोन शब्द आपल्या समाजशास्त्राचा एक संपूर्ण धडा आहेत. क्षमा मागून अस्पृश्यता पाळण्याची ही आधुनिक रीत होय.

या पानाचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनीही केला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या ‘आनंदबाजार पत्रिका’ या बंगाली दैनिकातील जाहिराती देणाऱ्या कुटुंबांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. जातीबाहेर लग्न होऊ नये म्हणून मुलीकडील मंडळी वराच्या शिक्षणात किती तडजोड करण्यास तयार असतात, हे त्यांनी मोजले. ती तडजोड निरक्षर आणि पदव्युत्तर यांच्यातील अंतराएवढी निघाली. ज्या मध्यमवर्गाला शिक्षणाचे एवढे अप्रूप, त्याला जात त्याहूनही मोठी वाटते, हे या पानाने दाखवून दिले.

आज वर्तमानपत्राची जागा संकेतस्थळे आणि मोबाइल यांनी घेतली आहे. तेथे जाहिरात वाचावी लागत नाही. हवे ते रकाने भरले की नको असलेली माणसे आपोआप गाळली जातात. ‘क्षमस्व’ म्हणण्याचीही गरज उरत नाही. २०२० मध्ये शादी डॉट कॉम या संकेतस्थळाने लोकांच्या आक्षेपानंतर त्वचेच्या रंगावरून स्थळे गाळण्याची सोय काढून टाकली. एक रकाना गेला. तो नियम करून आला नव्हता आणि कायदा करून गेला नाही. काही स्त्रियांनी हरकत घेतली, म्हणून गेला.

माध्यमे बदलही घडवतात

आतापर्यंतचे विवेचन वाचून कोणी दूरदर्शन संच विकून टाकावा, असा निष्कर्ष काढू नये. माध्यमांच्या सामर्थ्याची दुसरीही बाजू आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या संशोधकांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, गोवा, हरियाणा, तामिळनाडू व दिल्ली येथील स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. ज्या खेड्यांत केबल नव्याने पोहोचली तेथे पत्नीला मारहाण करणे योग्य आहे असे मानणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण घटले, मुलगाच हवा ही ओढ कमी झाली आणि घरातील निर्णयांत स्त्रियांचा वाटा वाढला, असे त्यांना आढळले. मालिकांतील स्त्रिया काही क्रांतिकारक नव्हत्या. पण त्या घराबाहेर पडत होत्या, कमावत होत्या, बोलत होत्या. ज्या बाईने असे जगणे पाहिलेच नव्हते तिला ते शक्य आहे एवढे कळले, हीच मोठी गोष्ट.

कायद्यानेही साचा बदलता येतो. १९९२ मध्ये आईच्या दुधाला पर्यायी अशा बाळाच्या पावडरीची जाहिरात करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. तोपर्यंत डब्यावरील गुटगुटीत बाळाचे चित्र पाहून गरीब आयासुद्धा अंगावरचे दूध तोडून महागड्या डब्यामागे लागत. तंबाखूच्या जाहिरातींवर २००३ च्या कायद्याने बंदी आली. ती चुकविण्यासाठी त्याच नावाच्या वेलदोड्याची वा पानमसाल्याची जाहिरात नामवंत नट करतात, हेही आपण पाहतो. अशा आडमार्गाच्या जाहिराती रोखण्यासाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. फसव्या जाहिरातीविरुद्ध तेथे कोणाही ग्राहकाला तक्रार करता येते.

आणि तिसरा मार्ग म्हणजे चौकट आपल्या हाती घेणे. बाबासाहेबांनी जाहिरात नाकारली म्हणून हात जोडले नाहीत. ‘मूकनायक’नंतर १९२७ मध्ये ‘बहिष्कृत भारत’, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’ असा प्रवास चालू ठेवला. २००२ मध्ये उत्तर प्रदेशातील चित्रकूटमध्ये ग्रामीण स्त्रियांनी ‘खबर लहरिया’ हे पत्र सुरू केले. त्यांत दलित स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. पुढे हातातील मोबाइललाच त्यांनी कॅमेरा केले. आपल्या मराठीत नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ मध्ये चित्रपटगृहांत आला. त्यातील जब्याला नवी जीन्स हवी आहे, शाळेतील मुलीच्या नजरेत भरायचे आहे. बाजाराने दाखविलेले स्वप्न त्याच्याही डोळ्यांत आहे, आणि गाव मात्र त्याला डुक्कर पकडायला लावते. शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. आरसा जेव्हा आपल्याच बाजूचा माणूस धरतो तेव्हा त्यात प्रेक्षकालाही स्वतःचा चेहरा दिसतो.

आपला अर्ज, आपला रकाना

आता त्या वादाकडे येऊ. वधू-वर मेळाव्याच्या आपल्या छापील अर्जात शिक्षण, नोकरी, उंची यांच्यानंतर एक रकाना आहे : ‘रंग : गोरा / गव्हाळ / सावळा.’ अर्ज तपासताना कोणीतरी विचारले, यात ‘काळा’ का नाही? सगळे हसले. कारण उघड होते. ‘काळा’ असे कोणी लिहिणारच नाही, म्हणून तो पर्यायच छापलेला नाही. म्हणजे तीन शब्दांत आपण उतरंड मांडली आणि चौथ्याला उतरंडीतही जागा दिली नाही.

अभ्यासवर्गातील एक विद्यार्थिनी त्या वेळी गप्प होती. ती नंतर म्हणाली, “ताईचा अर्ज मी भरला होता. ती एम.एस्सी. आहे. शिक्षणाच्या रकान्यात लिहिताना छाती भरून आली होती. रंगाच्या रकान्यापाशी आल्यावर आईने हळूच सांगितले, ‘गव्हाळ लिही.’ मी लिहिले. आपल्याच संस्थेच्या अर्जावर मी पहिल्यांदा खोटे लिहिले.”

यावर समितीतील एका ज्येष्ठ सभासदांनी आपले म्हणणे मांडले. “बाळ, तुझे दुःख समजते. पण रकाना आम्ही हौसेने घातलेला नाही. पालकच विचारतात. काढला तर फोन करून विचारतील.” काका खोटे बोलत नव्हते. पालक खरोखरच विचारतात. परंतु वाचकांच्या लक्षात आलेच असेल की हे तेच वाक्य आहे. लोकांना हवे तेच आम्ही देतो. मलमाची कंपनी तेच म्हणते, वाहिनी तेच म्हणते, जाहिरातीचे पान तेच म्हणते आणि आपली संस्थाही नकळत तेच म्हणू लागली. आपण आरसा आहोत असे समजत होतो. प्रत्यक्षात दरवर्षी शेकडो अर्ज छापून आपणच साचा फिरवीत होतो.

छापील रकाना ही साधी गोष्ट नव्हे. तो केवळ उत्तर घेत नाही; हे विचारण्यासारखे आहे, असे तो प्रत्येक मुलीला आणि मुलाला सांगतो. ज्याला रंग विचारायचा असेल त्याने स्वतःच्या तोंडाने विचारावा आणि विचारताना थोडे शरमावेही. संस्थेने त्याच्या वतीने छापील अक्षरांत विचारू नये, एवढेच आमचे म्हणणे आहे. काकांनी यावर बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “सभेपुढे ठेवा.” त्याप्रमाणे हा रकाना अर्जातून कायमचा काढून टाकावा असा ठराव आम्ही येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मांडणार आहोत. सभासदांनी त्यावर मनमोकळी चर्चा करावी, विरोध असल्यास तोही मांडावा.

अभ्यासासाठी पाच प्रश्न

विद्यार्थ्यांनी कोणतीही जाहिरात, मालिका वा बातमी पाहताना पुढील प्रश्न वहीत लिहून त्यांची उत्तरे शोधावीत.

१. याचा खर्च कोणी केला आणि त्याला माझ्याकडून काय हवे आहे?

२. चित्रात कोण आहे आणि कोण नाही? घर कोणाचे, आडनाव कोणाचे, काम करणारे हात कोणाचे?

३. माझ्यात कोणती उणीव आहे असे मला सांगितले जात आहे? ही जाहिरात पाहण्यापूर्वी ती उणीव मला जाणवत होती काय?

४. यातील कोणती समजूत आपल्या घरात आधीपासूनच आहे?

५. हे चुकीचे वाटत असेल तर मी कोठे तक्रार करू शकतो, आणि त्याआधी स्वतःच्या घरात काय बदलू शकतो?

पाचव्या प्रश्नाचा पूर्वार्ध सोपा आहे. संपादकास पत्र लिहिता येते, परिषदेकडे, प्राधिकरणाकडे तक्रार करता येते, आणि ती अवश्य करावी. उत्तरार्ध कठीण आहे, कारण तेथे समोर कंपनी नसते. आई असते, काका असतात, आपण स्वतः असतो. त्या विद्यार्थिनीच्या ताईचा अर्ज अजून आपल्या फाइलमध्ये आहे. सर्वसाधारण सभेनंतर नवे अर्ज छापले जातील, तेव्हा तो तिला पुन्हा भरावा लागेल. या वेळी त्यात खोटे लिहिण्याची पाळी तिच्यावर येऊ नये, हे आपल्या मतावर अवलंबून आहे.